जुन्या-नव्या महाबलींची ताकद कशी तोलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गामाचा दगड मोठा की आजची डेडलिफ्ट (जमिनीवरची दांडी मांडीपर्यंत ओढणं), शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सँडोच्या काळातले बलवान खरे की आताचे, असे वाद तालमीच्या कट्ट्यापासून मोबाइलच्या गटांपर्यंत रोज रंगतात. त्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे शक्य तिथे किलोत दिले आहेत.

१८९५ साली एका माणसाने जवळजवळ दोन टन उचलले. आजचा डेडलिफ्टचा विक्रम ५१० किलोंचा. मग माणसाची ताकद घटली का?

नाही. या दोन वेगळ्या उचली आहेत आणि त्यांना एकाच रांगेत उभं करणं ही या विषयातली सगळ्यात मोठी चूक आहे.

क्वेबेकच्या लुई सिरने (१८६३–१९१२) बॉस्टनमध्ये १,९६७ किलो उचलले ते पाठीने. भक्कम फळीवर १८ लठ्ठ माणसं उभी केली होती. फळीचं वजन धरून माणशी १०९ किलो पडतात, तेव्हा माणसं मुद्दाम निवडलेली होती हे उघड आहे. या प्रकारात गडी फळीखाली शिरतो, हात समोरच्या ठोकळ्यावर टेकवतो, पाठ फळीला भिडवतो आणि गुडघे आधीच जवळजवळ सरळ असताना रेटा देतो. फळी टेकूवरून दोन-तीन सेंटिमीटर सुटली की उचल झाली. पाय सरळ असताना भार हाडांवरून थेट जमिनीत उतरतो, स्नायूंना अगदी थोडं अंतर काम करावं लागतं.

डेडलिफ्टमध्ये दांडी जमिनीपासून २२.५ सेंटिमीटरवर असते, कारण प्रमाणित चकतीचा व्यास ४५ सेंटिमीटर. तिथून ती मांडीच्या वरच्या भागापर्यंत न्यायची, म्हणजे उंच माणसाला साधारण ५५ सेंटिमीटर ओढ. आता किलोला मीटरने गुणून पाहा. सिर : १,९६७ × ०.०३ = ५९. हाफथोर ब्योर्नसनची २०२५ मधली ५१० किलोंची उचल : ५१० × ०.५५ = सुमारे २८०. चौपटीहून जास्त. याचा अर्थ सिर दुबळा होता असा नव्हे. त्याचा आकडा वेगळ्या खात्यात मांडायचा, एवढाच.

मग पाठीच्या उचलीत सगळ्यात पुढे कोण?

पुस्तकांत पॉल अँडरसनचं नाव येतं. जून १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, टोकोआ या आपल्या गावी, त्याने २,८४४ किलो उचलल्याचं सांगितलं जातं. टेबलावर तिजोरी आणि जड लोखंडी सामान रचलं होतं. अडचण अशी की ते सामान त्रयस्थांसमोर एकेक करून तोललं गेल्याचा पक्का पुरावा नाही. म्हणूनच गिनीजने बरीच वर्षं छापलेली ही नोंद पुढे काढून टाकली. कॅनडाच्या ग्रेग अर्न्स्टने १९९३ मध्ये दोन मोटारी आणि त्यांचे चालक मिळून २,४२२ किलो पाठीवर घेतले, ते मात्र तोललेलं वजन होतं.

अँडरसनच्या ताकदीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. १९५५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत प्रेक्षकांसमोर त्याने १८२.५ किलो दोन्ही हातांनी छातीवरून डोक्यावर दाबून नेले होते आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. शंका आहे ती फक्त त्या एका टेबलाच्या वजनाबद्दल.

जुनी नोंद वाचताना नेमकं काय तपासायचं?

पहिलं, वजन तोललं होतं की अंदाजलं होतं. दुसरं, किती अंतर उचललं. तिसरं, शरीराशी संपर्क कुठे होता : बोटं, मूठ, खांद्यावरचे पट्टे की पाठ. चौथं, उचल पूर्ण कधी मानली. हात सरळ करून थांबावं लागलं का, की वस्तूखालून हवा खेळली तरी पुरे? पाचवं, पंच कोण. खेळाचा मालक स्वतः घोषणा करत असेल तर आकड्यातून मनातल्या मनात काहीतरी वजा करावं.

यातल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो आकडा तुलनेला घेऊ नका. कथा म्हणून जरूर सांगा.

आकडे एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरेच का असतात?

बहुतेक वेळा नक्कल करताना झालेली चूक. लंडनच्या टॉमस टॉपहॅमने मे १७४१ मध्ये पाण्याने भरलेली तीन पिंपं खांद्यावरच्या पट्ट्यांनी उचलली. हे वजन कुठे १,३३६ पौंड छापलेलं दिसतं, कुठे १,८३६. एका अंकाने ५०० पौंडांचा, म्हणजे २२७ किलोंचा फरक पडला.

आपल्याकडचा घोळ त्याहून मोठा आहे, आणि तो ‘मण’ या शब्दात दडलेला आहे. बंगाली किंवा रेल्वेचा मण ३७.३ किलोंचा, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा म्हणजे १२.७ किलोंचा, मद्रासचा २५ पौंडांचा म्हणजे ११.३ किलोंचा. ‘अमक्या पैलवानाने दहा मणांची गोटी (गोल दगड) उचलली’ हे वाक्य १२७ किलोही सांगतं आणि ३७३ किलोही. पहिली गोष्ट तगड्या गड्याला जमेल. दुसरी खरी मानली तर आजचे जगज्जेते मागे पडतील. म्हणून मण दिसला की आधी गाव आणि पेठ विचारा, मग कौतुक करा.

बडोद्यातला गामाचा दगड खरंच १,२०० किलोंचा आहे का, आणि गामाने तो उचलला का?

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात हा दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहंमद ऊर्फ गामा पैलवानाने तो उचलला अशी नोंद त्यावर कोरलेली आहे. उंची अडीच फूट आणि वजन १,२०० किलो असं सांगतात.

आधी वजन तपासू. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. सगळ्या बाजू ७६ सेंटिमीटरच्या असतील तर घनफळ ०.४३९ घनमीटर. सामान्य दगडाची घनता घनमीटरला २,७०० किलो धरली तर वजन १,१८५ किलो येतं. तेवढाच उंच आणि तेवढ्याच व्यासाचा दंडगोल असेल तर ९३० किलो. कोपरे जितके गोलावलेले, तितकं वजन आणखी खाली. म्हणजे १,२०० हा आकडा अगदी वरच्या टोकाचा आहे, पण दगड टनाच्या आसपास असू शकतो.

आता उचल. धरायला चांगली दांडी, पंजाला पट्टे आणि वर्षभराची तयारी असताना माणसाची आजवरची मजल ५१० किलो. गोल दगड हाताच्या कवेत घेऊन उचलण्यातली मजल त्याहून बरीच खाली : टॉम स्टोल्टमनने २०२० मध्ये २८६ किलोंचा गोळा आडव्या दांडीपलीकडे टाकला. तेव्हा ५ फूट ७-८ इंच उंचीच्या, शंभर-सव्वाशे किलोंच्या माणसाने उघड्या हातांनी टनभर दगड छातीपर्यंत नेला हे शरीरशास्त्रात बसत नाही. दगडाची एक बाजू उचलून तो कलवला असेल, तर भार निम्म्याच्या जवळ येतो. साखळी आणि पट्टे खांद्यावर घेऊन काही बोटं उचलला असेल, तर टॉपहॅमच्या जातीची उचल होते आणि तीही शक्य आहे. कोरलेली ओळ ‘उचलला’ एवढंच सांगते, ‘कसा’ ते सांगत नाही.

गामाचं मोठेपण या दगडावर अवलंबून नाही. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला पोलंडचा मल्ल झ्बिस्को त्याच्याखाली तासन्‌तास पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पटियाळ्यात त्याच झ्बिस्कोला गामाने मिनिटभराच्या आत चीत केलं. पैलवानाचा पुरावा मातीतच असतो.

रोज ५,००० बैठका आणि ३,००० जोर ही अतिशयोक्ती आहे का?

वेळेचं गणित करून पाहा. दोन सेकंदांना एक बैठक धरली तर ५,००० बैठकांना २ तास ४७ मिनिटं लागतात. तीन सेकंदांना एक जोर धरला तर ३,००० जोरांना अडीच तास. सकाळ-संध्याकाळ मिळून सव्वापाच तास व्यायाम हे राजाश्रय असलेल्या पैलवानाला अशक्य नव्हतं. नेहमी एवढंच होत असेल असं नाही.

पण यातून वाढतो तो दम आणि काटकपणा. एकदाच, सगळा जोर लावून जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद कमी आवर्तनं आणि जड वजन यांतून येते. हजारो बैठका मारणारा पैलवान पहिल्याच दिवशी ३०० किलोंची डेडलिफ्ट मारेल ही अपेक्षा चूक, आणि ३०० किलोवाला गडी हौद्यात अर्धा तास टिकेल ही अपेक्षाही तितकीच चूक.

ग्रीक महाबलींचे दगड अजून आहेत म्हणे?

आहेत, आणि प्राचीन काळातला तोच सर्वांत ठोस पुरावा आहे.

ऑलिंपियात सापडलेल्या १४३.५ किलोंच्या वालुकाश्मावर ‘बायबोनने मला एका हाताने डोक्यावरून फेकलं’ अशा अर्थाचा मजकूर आहे. दगड इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. फेकणं बाजूला ठेवा. दोन्ही हातांनी खांद्यावर घेऊन मग एका हातावर तोलला, हे असामान्य माणसाला जमण्यासारखं आहे. आर्थर सॅक्सनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १६८ किलोंची बारबेल एका हाताने डोक्यावर स्थिर केली होती. फक्त सॅक्सनकडे पकडायला दांडी होती, बायबोनकडे ओबडधोबड दगड.

दुसरा दगड सांतोरिनी बेटावरचा, ज्वालामुखीच्या खडकाचा, ४८० किलोंचा. त्यावर ‘क्रितोबुलोसचा मुलगा युमास्तास याने मला जमिनीवरून उचललं’ एवढंच कोरलंय. किती वर आणि कोणत्या बाजूने, ते नाही. एक टोक उचललं असेल तर भार सुमारे २४० किलो, आणि ते पटतं. अख्खा दगड कवेत घेऊन जमिनीपासून सुटला असेल, हे पटत नाही.

मायलोने वासरू रोज उचललं आणि बैल झाल्यावरही उचलत राहिला. ही पद्धत चालेल का?

क्रोटोनचा मायलो खराखुरा मल्ल होता. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात त्याने ऑलिंपिकमध्ये सहा वेळा कुस्ती जिंकली, त्यातली पहिली मुलांच्या गटात. वासराची गोष्ट भार हळूहळू वाढवावा हे तत्त्व सांगते आणि तत्त्व खरं आहे.

हिशेब मात्र बैलाच्या बाजूने जातो. वासरू जन्मतः २५-३५ किलोंचं. चांगल्या चाऱ्यावर ते दिवसाला अर्धा किलो वाढलं तरी वर्षात १८० किलोंची भर पडते. नवशिक्याची ताकद पहिल्या वर्षी भराभर वाढते, मग वेग मंदावतो. बैल मंदावत नाही. साधारण दीड-दोन वर्षांत बैल पुढे निघून जातो. शिवाय तो पाय झाडतो, हे बारबेल करत नाही. त्यामुळे तत्त्व घ्या, बैल नको.

छातीवरून हत्ती नेणं, दोन घोडे अडवणं, मोटार थांबवणं : यात किती ताकद, किती युक्ती?

दोन्ही असतं. प्रमाण प्रयोगाप्रमाणे बदलतं.

हत्तीच्या खेळात छातीवर लांब, जाड फळी असते. तिची टोकं जमिनीवर किंवा ठोकळ्यांवर टेकलेली असतात. हत्ती एका टोकाकडून चढतो आणि दुसरीकडे उतरतो, त्यामुळे बराच भार टोकांवर जातो आणि छातीवर पूर्ण भार आलाच तर क्षणभर येतो. आंध्रचे कोडी राममूर्ती नायडू या खेळासाठी प्रसिद्ध होते. धोका खराच असतो. फळी सरकली किंवा हत्ती मधे थांबला तर बरगड्या जातात. घरी करून पाहण्याचा हा प्रकार नव्हे.

दोन घोड्यांचा प्रयोग दिसतो भयंकर, पण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने त्यातली हवा जाते. दोन्ही बाजूंना सारख्याच ओढीचे घोडे असतील तर माणसाच्या हातांवर ताण एकाच घोड्याच्या ओढीएवढा येतो, दुसरा घोडा भिंतीचं काम करतो. एक घोडा भिंतीला बांधलेली दोरी ओढतोय आणि दोरीच्या मधे माणूस आहे, हे तेच. पंजे एकमेकांत अडकवलेले आणि पट्टे कोपरांवरून घेतलेले असतील तर काम आणखी सोपं. तरी एका घोड्याची ओढ पेलणं हे खायचं काम नाही.

मोटारीच्या बाबतीत चालक कोणाचा, हे आधी विचारा. क्लच हळू सोडायचा की झटक्यात, हे त्याच्या पायात असतं. चाकं वाळूवर किंवा ओल्या गवतावर असतील तर ती नुसतीच फिरतात.

रेल्वेचा डबा किंवा ट्रक ओढणं मग खोटं का?

खोटं नाही, पण डब्याचं वजन ही दिशाभूल आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना अडथळा अगदी थोडा, वजनाच्या सुमारे ०.२ टक्के. १०० टनांची गाडी सपाट रुळावर चालू ठेवायला २०० किलोंच्या ओढीची गरज. पहिला झटका जास्त लागतो. हजाराला एक एवढा चढ असेल तर आणखी १०० किलो वाढतात, आणि तेवढा उतार असेल तर तेवढेच कमी होतात. डोळ्यांना असा चढ-उतार दिसतही नाही. डांबरी रस्त्यावर ट्रकचा अडथळा ०.६ ते १ टक्का, म्हणून २० टनांचा ट्रक १२० ते २०० किलो मागतो. टायरमधली हवा कमी केली की तो याहून जड होतो. तुलना करायची तर दोरीला तणावमापक लावा. नुसती टनांची पाटी वाचून काही कळत नाही.

वेगवेगळ्या काळातल्या माणसांना खरोखर एकाच मापाने मोजता येईल असं काही आहे का?

आहे. वस्तू टिकली असेल तर. ज्या दगडाला, आसाला किंवा डंबेलला जुन्या माणसाने हात लावला, त्याच वस्तूला आजचा माणूस हात लावू शकतो. वादाची सगळी धूळ तिथे बसते.

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशरमधल्या पोटार्क पुलाजवळ डिनीचे दोन दगड आहेत, १८८ आणि १४४.५ किलोंचे, एकूण ३३२.५. दोन्हींना लोखंडी कड्या आहेत. डोनाल्ड डिनीने १८६० मध्ये ते पुलाच्या रुंदीएवढे, सुमारे ५.२ मीटर, वाहून नेले असं मानतात. आज हे दगड उचलणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण पट्टे न वापरता ते घेऊन चालणारे फार थोडे. यात अडतं कुठे? पाठीत क्वचित, बहुधा बोटांत. दोन्ही हातांतली वजनं वेगळी असल्याने अंग कलतं, कडी तळव्यातून फिरून बोटांच्या टोकाला येते आणि मूठ उघडते.

फ्रान्सचा लुई युनी, रंगमंचावरचं नाव अपोलॉन (१८६२–१९२८), याच्याकडे रेल्वेच्या डब्याच्या चाकांची जोडी होती : १६६ किलो, आस ४९ मिलिमीटर जाडीचा. आजची दांडी २८ मिलिमीटरची असते आणि तिच्या टोकांची नळी स्वतंत्र फिरते. या आसाची चाकं मात्र आसासकट फिरतात. त्यामुळे खांद्यावर घेताना वजन उलट दिशेने पीळ देतं आणि बोटं उघडतात. अपोलॉनने स्वतः ती डोक्यावर नेली होती का यावर वाद आहे. शार्ल रिगुलोने १९३० मध्ये, जॉन डेव्हिसने १९४९ मध्ये आणि नॉर्बर्ट शेमान्स्कीने १९५४ मध्ये नेली. हे तिघेही ऑलिंपिकविजेते. मार्क हेन्रीने २००२ मध्ये प्रतिकृती तीनदा डोक्यावर नेली.

इंग्लंडच्या टॉमस इंचचं डंबेल ७८ किलोंचं, मूठ ६० मिलिमीटर जाडीची. ७८ किलो ऐकून व्यायामशाळेतली पोरं हसतात. मग हात लावतात आणि डंबेल जमिनीवरच राहतं. अंगठा आणि बोटं एकमेकांना भिडत नाहीत, गोळे गोल असल्याने डंबेल वळतं आणि मूठ सुटते.

यातून जुने लोक पकडीत सरस होते असं म्हणायचं का?

आमचं मत तसंच आहे. जाड मुठी, दगड आणि एका हाताच्या उचली हाच त्यांचा रोजचा सराव होता. आजचा गडी खुरदऱ्या, बारीक दांडीवर, हाताला खडूची पूड लावून आणि कधी पट्टे बांधून शिकतो. सॅक्सनची ती एका हाताची उचलही अशीच. त्यात हात वर ढकलायचा नसतो, धड बाजूला वाकवत वजनाखाली शिरायचं असतं. आज ती जवळपास कोणी करत नाही. तेव्हा १६८ किलो अजून तुटले नाहीत याचं मोठं कारण तोडायला कोणी बसलंच नाही हे आहे.

ऑलिंपिकचे आकडे तरी सरळ तुलनेला घेता येतात ना?

१९७२ नंतरचे बऱ्यापैकी. १८९६ मध्ये अथेन्सला दोन्ही हातांच्या उचलीत व्हिगो येन्सन आणि लॉन्सेस्टन एलियट दोघांचे १११.५ किलो झाले, आणि डौल चांगला म्हणून येन्सन जिंकला. पाय हलला की गुण गेले, असा तो जमाना. जॉर्जिया देशाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये ताश्कंदला २६७ किलोंचा क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) मारला, त्यात पाय पुढे-मागे फेकायची मुभा आहे, तंत्रच ते आहे. शिवाय फिरत्या नळीची दांडी १९२८ च्या सुमारास रूढ झाली. त्याआधीच्या गोलाकार बारबेलला जखडलेले गोळे असत.

१९७२ पर्यंत तीन उचली होत्या : प्रेस (खांद्यावरून नुसत्या हातांनी दाबून वर), स्नॅच (जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क. प्रेस काढून टाकला, कारण गडी कंबरेतून इतके मागे झुकू लागले की उभ्याने दाबतोय की आडव्याने, हे पंचांना ठरवता येईना. म्हणून सोव्हिएत वासिली अलेक्सेयेवची ६०० किलोंपलीकडची बेरीज आणि तालाखाद्झेची ४९२ ही बेरीज शेजारी मांडू नका. पहिली तीन उचलींची, दुसरी दोनची.

उत्तेजक औषधांचा हिशेब कसा करायचा?

काळाच्या रेषा लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये बनलं. गोळीच्या रूपातलं डायनाबोल १९५८ मध्ये अमेरिकी बाजारात आलं. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची तपासणी १९७६ ला मॉन्ट्रियलपासून. म्हणजे सिर, सॅक्सन, डिनी, गामा यांच्या काळात हे साधनच नव्हतं. १९५८ ते १९७६ हा मोकळ्या रानाचा काळ. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग संघटनेने वजनगट बदलून जुने विक्रम दप्तरबंद केले ते १९९३, १९९८, २०१८ आणि २०२५ मध्ये. कोणत्याही एका माणसावर पुराव्याविना बोट दाखवणं बरोबर नाही, पण काळ बदलला की आकडे का उडी मारतात हे समजायला या तारखा पुरेशा आहेत.

बाकावर निजून दांडी वर ढकलण्याचे, म्हणजे बेंच प्रेसचे, ६०० किलोंचे व्हिडिओ दिसतात. ते खरे आहेत?

खरे आहेत, पण कडक कापडाच्या खास शर्टासह. तो शर्ट खाली येताना स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि वर जाताना परत ढकलतो. शर्टाशिवायची मजल ३५५ किलो, ज्यूलियस मॅडक्स. मधला फरक शर्टाचा. पोशाख सांगितल्याशिवाय बेंचचा आकडा सांगू नये.

अंगवजनाच्या मानाने सगळ्यात ताकदवान कोण?

नईम सुलेमानोग्लू. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात स्नॅच १५२.५, जर्क १९०, बेरीज ३४२.५. डोक्यावर अंगवजनाच्या तिप्पटीहून जास्त.

पण नुसता भागाकार मोठ्या माणसावर अन्याय करतो. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. माणूस सर्व बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होतं आणि ताकद चौपट. मुंगीचं कौतुक याच कारणाने फुकाचं आहे. म्हणून बेरजेला वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने भागतात. नईम : ३४२.५ ÷ १५.३ = २२.३. तालाखाद्झे, अंगवजन सुमारे १७७ किलो धरून : ४९२ ÷ ३१.५ = १५.६. इतकी दुरुस्ती करूनही नईम पुढेच, कारण अतिवजनी गटात बरीच चरबीही सोबत असते. स्पर्धांत यासाठी सिंक्लेअर गुणक वापरतात आणि तो दर ऑलिंपिक चक्राला नव्याने काढला जातो. म्हणून जुने आणि नवे सिंक्लेअर गुण मिसळू नयेत.

अंगवजनाने निकाल फिरल्याचं उदाहरण अँडरसनचंच. मेलबर्नला त्याची आणि अर्जेंटिनाच्या सेल्वेत्तीची बेरीज सारखीच, ५०० किलो. अँडरसन हलका निघाला म्हणून सुवर्ण त्याला. त्याला ‘हलका’ म्हटलं गेल्याची ही एकच वेळ असावी, वजन होतं १३७ किलोंच्या पुढे.

जेजुरीचा खंडा उचलणं कोणत्या खात्यात बसतं?

टिकाऊ वस्तूंच्या खात्यात, म्हणून आमच्या मते तो फार मोलाचा आहे. पानसे सरदारांनी अर्पण केलेला हा खंडा, म्हणजे जड तलवार, ४२ किलोंचा सांगतात. दसऱ्याला तो एका हाताने तोलून धरण्याच्या आणि दातांनी उचलण्याच्या कसरती होतात. इथे प्रश्न वजनापेक्षा वेळेचा आणि तरफेचा. पातं उभं असेल तर भार मुठीवर आणि खांद्यावर येतो. ते कलू लागलं की मनगटावर पीळ पडतो, आणि मुठीपासून अर्ध्या मीटरवर भार असेल तर तो पीळ २१ किलो-मीटर होतो. एवढा पीळ मनगट धरू शकत नाही. वर्षावर्षांची तुलना करायची तर सेकंदांबरोबर हाताची ठेवण आणि पात्याचा कोनही लिहून ठेवायला हवा.

भीम, हर्क्युलिस, सॅमसन यांचं काय?

त्यांना काटा लावू नये.

एवढं सगळं धरून, सर्वांत ताकदवान कोण ते तरी सांगा.

डोक्यावर नेण्यात तालाखाद्झे. जमिनीवरून ओढण्यात ब्योर्नसन. अंगवजनाच्या मानाने नईम. पाठीवर, तोललेल्या वजनाने, अर्न्स्ट. औषधं येण्यापूर्वीच्या काळातला, बोटापासून पाठीपर्यंत सगळीकडे मजबूत असा एकच निवडायचा तर सिर : एका बोटाने २५१ किलो उचलल्याची नोंदही त्याच्या नावावर आहे. यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा.

आमच्या गावच्या तालमीत जुनी गोटी आणि नाल (मधे मूठ असलेला व्यायामाचा दगड) पडून आहे. त्यांचं वजन कसं काढायचं?

शक्य असेल तर थेट तोला. धान्याच्या किंवा भंगाराच्या वखारीतला ३०० किलोंचा काटा चालतो, आधी माहीत असलेलं वजन ठेवून तो तपासा. काटा लहान असेल आणि वस्तू लांबट असेल तर दोन टोकांखाली दोन सारखे काटे ठेवा आणि दोन्ही आकडे एकाच वेळी वाचून बेरीज करा.

हलवताच येत नसेल तर गोटीचा घेर टेपने मोजा, तीन वेगवेगळ्या दिशांनी, आणि सरासरी काढा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. व्यासाचा घन करून ०.५२४ ने गुणलं की घनफळ. आपल्याकडचा काळा पाषाण असेल तर घनमीटरला २,९०० किलो धरा. या हिशेबाने ९४ सेंटिमीटर घेराची गोटी ४१ किलो, १२६ सेंटिमीटरची ९८ किलो आणि १५७ सेंटिमीटरची १९० किलो भरते. घेर मोजताना दोन सेंटिमीटर चुकलात तर मधल्या गोटीच्या वजनात पाचेक किलोंचा फरक पडतो, म्हणून टेप सैल ठेवू नका.

नालेला मधे पोकळी आणि मूठ असते, तिथे हे सूत्र चालत नाही. काठोकाठ भरलेल्या पिंपात ती दोरीने बुडवा, सांडलेलं पाणी खाली परातीत धरून लिटरने मोजा आणि लिटरला २.९ ने गुणा. दगड सच्छिद्र असेल तर आधी रात्रभर भिजवून ठेवा, नाहीतर तो पाणी पितो आणि वजन कमी दिसतं. निघालेला आकडा, तारीख, मुठीची जाडी आणि दगडाचा फोटो तालमीच्या वहीत लावून ठेवा. दगडावर मात्र काही कोरू नका.